त्या दिवशी वारा नव्हता

आधी तिचं सांगते, मग काय झालं ते. आधी खटला सांगितला तर लोक खटल्यातच अडकतात आणि ती कोपऱ्यात राहून जाते, जशी यवतमाळच्या कोर्टाच्या व्हरांड्यात दीड दिवस राहिली होती, पितळी डबा मांडीवर घेऊन.

ती म्हणजे आर्णीची म्हातारी दाई. गाव तिला बुढीमाय म्हणायचं, मी नुसतं माय म्हणते. तिनं मला काम शिकवलं. आणि एका दोन महिन्यांच्या लेकराच्या मरणाचा आळ माझ्यावर यायला लागला तेव्हा तिनं भर कोर्टात सांगितलं की चूक माझी आहे, हिची नाही, असंच लिहा. माझ्या रक्ताचं माणूस तिथून तीन दिवसांच्या वाटेवर होतं. ही माझी कोणी नव्हती, तरी उभी राहिली.

मी इथली नाही. राजापूरच्या खालच्या अंगाला आमचं गाव. चौथीत असताना शाळा सुटली. सुटली कसली, सोडवली. पाठची तीन भावंडं सांभाळायला घरात कोणी नव्हतं. भागाकार राहून गेला तो राहूनच गेला. पण वाचता येतं, सही येते. लग्नानंतर नवऱ्याबरोबर इकडे आले. तो गवंडी. यवतमाळ-आर्णी रस्त्यावर पुलांची कामं निघाली होती, ठेकेदारानं कोकणातून माणसं आणली होती. नवरा पंधरा-पंधरा दिवस कामावर आणि मी आर्णीत भाड्याच्या एका खोलीत. बोली कळायची नाही. शेजारीण विचारायची, "काय करून राह्यली व?" तर मला वाटायचं ही माझं काहीतरी चुकलेलं धरते आहे. मी उगाच म्हणायची, "काही नाही हो, काही नाही."

माझी पहिली मुलगी मायच्या हातावर झाली. बाराव्या दिवशी माझं मीच बाळाला न्हाऊ घालायला बसले. पाटावर बसून पाय लांब केले, नडग्यांवर मुलीला पालथं घेतलं, जसं घरी आईला करताना बघितलं होतं. माय दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "हात हलका हाय तुहा. येत जाय माह्यासंग." तिचे डोळे तेव्हाच मंद व्हायला लागले होते, तिला जोडीला कोणी हवंच होतं. अशी मी दुसऱ्यांची बाळं न्हाऊ घालू लागले.

आता एक गोष्ट सांगायची आहे. ती कोर्टात सांगितली, तेव्हा इथं लपवण्यात अर्थ नाही. आमच्याकडे बाळाला न्हाऊ घातल्यावर दोन्ही पायांना धरून उलटं करतात, दोन हलके झोके देतात. अंग मोकळं होतं म्हणतात. माझी आई करायची, तिची आई करायची. पहिल्या वर्षी मी दोन घरी तसं केलं. दुसऱ्या घरी मायनं बघितलं. तिनं चुलीपुढचं उलथणं उचललं आणि माझ्या मनगटावर हाणलं, बाळाच्या आईसमोर.

"ते का कोंबडी हाय? अजून मान धरली नाई लेकरानं, अन् तू त्याले लोंबकळवते? टाळूखाली काय असते मालूम हाय तुले?"

"नाही."

"मलेबी नाई मालूम. म्हून तं म्या धक्का लागू देत नाई."

त्यानंतर मी कधी तसं केलं नाही. मनगटावरचा वळ आठ दिवसांत गेला. ती दोन मुलं आज शाळेत जातात, धडधाकट आहेत. तरी आर्णीत होते तोवर रस्त्यात दिसली की माझी नजर आधी त्यांच्या डोक्याकडे जायची.

मायनं दुसरी एक रीत शिकवली. बाळंतिणीपुढे वाईट बोलायचं नाही. लेकराचं काही बिनसलेलं दिसलं तर म्हणायचं, "आज वारा हाय, पाणी नको." म्हणजे आईच्या जिवाला घोर लागत नाही, दूध आटत नाही. मग बाहेर येऊन घरातल्या मोठ्या बाईच्या कानावर घालायचं. ही रीत तिला तिच्या सासूनं दिली होती. मला ती फार शहाणपणाची वाटली. मी मुळात भित्री, वाईट बातमी सांगायला नको हे मला बरंच पडलं.

ते कापडदुकानवाल्यांचं घर मला कसं मिळालं, हेही सांगायला हवं. छप्पन साली नागपूरला दीक्षा झाली, मायच्या वस्तीतली माणसं जाऊन आली, मायही गेली होती. आल्यावर तिनं गावात सांगून टाकलं की वस्तीनं मेलेली ढोरं ओढणं सोडलं, आता मी मागचं दार सोडलं. बाळंतपण करीन, पण पुढच्या दारानं येईन आणि पुढच्या दारानं जाईन. काही घरांनी कुरकुर करत मानलं, कारण कळा सुरू झाल्यावर दार कोण बघतं. कापडदुकानवाल्या सासूबाईंनी मानलं नाही. त्यांनी मला बोलावलं. मी मायला विचारायला गेले तेव्हा माझी मान वर होत नव्हती.

"जाय," ती म्हणाली. "त्याहीच्या दाराशी माहं भांडण हाय, लेकराशी नाई."

असं मी तिनं टाकलेलं घर धरलं. दोन महिने रोज सकाळी आठला जायची. घरात सासू-सासरे, मुलगा आणि सून. मुलगा चोविसाच्या आतबाहेरचा, दुकानावर बसायचा, माझ्याशी कधी वाकडा शब्द बोलला नाही. सून राळेगावची, अबोल, माझ्याहून दोन वर्षांनी लहान. बाळ रडकं होतं. रात्र रात्र रडतो असं सून सांगायची. आणि आम्ही दोघी एकाच वयाच्या असल्यासारख्या हसायचो, कारण माझी मुलगीही तशीच होती.

त्या दिवशी मी गेले तेव्हा चुलीवर पाणी तापलं होतं, पाट मांडलेला होता. बाळ रडत नव्हतं. मला आधी बरंच वाटलं. मांडीवर घेतलं तर अंगात जोर नाही, हात सोडला की खाली पडतो. सवयीनं टाळूवर बोट ठेवलं. टाळू रोज मऊ असते, बोटाखाली जरा जरा उडते. त्या दिवशी ती वर आली होती, तव्यावर भाकरी फुगून येते तशी, आणि ताठ. मी बोट उचललं.

सून समोर बसली होती. "काय झालं?" म्हणाली.

मी म्हणाले, "काही नाही. आज वारा आहे. आज पाणी नको."

बाहेर पानही हलत नव्हतं.

बाळाला तिच्या कुशीत देऊन मी बाहेर आले. सासूबाई देवापुढे बसल्या होत्या. त्यांना उठवायची मला हिंमत झाली नाही. मनात आलं, आधी मायला दाखवते, ती सांगेल ते सांगते. मी वस्तीकडे पळत सुटले. त्या पळण्याचा मला आजही राग येतो. दोन पावलांवर घरची मोठी माणसं होती आणि मी गावाच्या दुसऱ्या टोकाला पळाले.

मायनं अर्धं ऐकलं आणि उठली. त्या घरी पोचल्यावर मी सवयीनं मागच्या बोळाकडे वळले. ती वळली नाही. पुढची पायरी चढली, ओटी ओलांडली, माजघरातून थेट बाळंतिणीच्या खोलीत. सासूबाई पूजेवरून उठल्या, "अगं, अगं," म्हणत राहिल्या. मायनं टाळूवर हात ठेवला. आणि मग, जी रीत तिनं मला शिकवली होती, ती स्वतः मोडली. सुनेच्या तोंडाकडे बघून सरळ विचारलं, "कवापासून प्याला नाई?"

सून म्हणाली, "पहाटेपासून. चार वाजल्यापासून."

"पडला का? कोणी आपटलं का?"

सुनेनं दाराकडे बघितलं. तिचा नवरा तिथं येऊन उभा राहिला होता. मायनं त्याच्याकडे बघितलं नाही. उठली आणि सासऱ्यांना म्हणाली, "यवतमाळले न्या. आत्ता. जेवणासाठी थांबू नका." तरी ते जेवणासाठी थांबले. दुपारच्या मोटारीनं गेले. तिसऱ्या दिवशी लेकरू दवाखान्यातच वारलं.

डॉक्टरांनी डोकं उघडून बघितलं तेव्हा आत रक्त साकळलं होतं. बाहेर खरचटलंसुद्धा नव्हतं. साऱ्या खटल्याचा पेच तिथंच होता. जखम आहे आणि घाव नाही. बाहेर खूण असती तर काठी शोधली असती, पायरी शोधली असती. खूण नाही म्हटल्यावर सगळ्यांनी हात शोधायला सुरुवात केली. आणि त्या लेकराला रोज हात लावणारी परकी बाई एकच होती.

पोलिसांनी मला दोन दिवस सकाळपासून दिवे लागेपर्यंत ठाण्याच्या व्हरांड्यात बसवलं. जमादारानं माझी ती जुनी दोन घरं बरोबर शोधून काढली होती. त्याला फार मजा वाटत होती.

"कोकणातल्या ना तुमी? तिकडे मासे असेच शेपटीले धरून उचलते म्हणे. लेकरूबी तसंच धरता का?"

मी रडले. रडताना मनात एकच विचार, की हे गावी कळलं तर कसं कळेल. आईला वाचता येत नाही, तिची पत्रं मास्तर वाचून दाखवतात, आणि ऐकायला सगळी वाडी जमते. मी ठरवलं, एक अक्षर लिहायचं नाही. वर्षभर घरी लिहिलं ते फक्त "सर्व क्षेम".

मला अटक झाली नाही ती सुनेच्या भावामुळे. तो राळेगावकडे शाळामास्तर होता. त्यानं अर्ज दिला की माझ्या बहिणीनं मला सांगितलं आहे, रडण्यावरून नवऱ्यानं पहाटे लेकराला खांद्याला धरून गदगदा हलवलं. त्यावरून कापडदुकानवाल्यांच्या मुलाला धरलं आणि मला साक्षीदार केलं. पण सुनेनं पुढे ते सांगितलं नाही. तिला त्याच घरात राहायचं होतं. ती म्हणाली, मला झोप लागली होती, पाळण्यातून पडला असेल.

माझा नवरा कामावरून आला. म्हणाला, "चल, गावाला जाऊ. हिशेब घेतो आणि निघू. आपलं काय आहे इथं?"

"आत्ता गेले तर पळाली म्हणतील."

"म्हणू देत. राजापुरात कोणाला ऐकू येणार आहे?"

"मला ऐकू येईल," मी म्हणाले. लग्नानंतर मी त्याला पहिल्यांदा उलट उत्तर दिलं ते हेच. मी घाबरट आहे, पण घाबरट माणूस एकदा अडून बसलं की त्याला हलवणं फार अवघड, हे त्यालाही त्या दिवशी कळलं.

खटला आधी आमच्या भागाच्या मॅजिस्ट्रेटपुढे फिरला, मग यवतमाळला सेशनला आला. त्यात वर्ष गेलं. त्या वर्षात माझी घरं एकेक करून सुटली. मायनं मला कामाला नेणं सोडलं नाही. कोणी म्हणालं, "तिले नको आणू," तर ती म्हणायची, "मंग मीबी येत नाई," आणि पायरीवर बसून राहायची. आतून कळांचं ओरडणं सुरू झालं की दोघींना बोलावणं यायचं.

साक्षीच्या दिवशी सरकारी वकिलांनी मला बाजूला घेतलं. सज्जन माणूस, चेहऱ्यावर जागरण. म्हणाले, "बाई, त्या सकाळी घरात आरोपीचा आरडाओरडा ऐकला होता, एवढं आठवतं का बघा. केस फार कच्ची आहे."

मी म्हणाले, "मी आठला गेले. तेव्हा ओरडा नव्हता."

"आधीच्या दिवशी?"

"नव्हता."

"तुमच्याच फायद्याचं सांगतोय हो. तो सुटला तर लोक तुमच्याकडे बघतील."

"बघू देत. जे मी ऐकलं नाही ते माझ्या तोंडून यायचं नाही." मला त्या माणसाला फासाला चढवायचं नव्हतं आणि त्याच्या जागी स्वतःही चढायचं नव्हतं. माझ्या बोटाला जेवढं कळलं तेवढंच मला सांगायचं होतं.

आरोपीचे वकील नागपूरहून आले होते. आवाज गोड.

"बाई, तुम्ही तान्ह्या मुलांना पायांना धरून उलटं टांगता, खरं का?"

"आता नाही."

"आता नाही. म्हणजे कधी तरी टांगत होतात."

सरकारी वकील टेबलाकडे बघायला लागले. मला 'नाही' असं म्हणता आलं असतं. त्या दोन घरांतल्या बाया यवतमाळला आल्या नव्हत्या. मी म्हणाले, "हो. दोन घरी. पहिल्या वर्षी."

"मग या घरी टांगलं नाही हे आम्ही का मानावं?"

"तुम्ही मानावं म्हणून मी शपथ घेतली नाही. खरं सांगेन म्हणून घेतली."

कोणीतरी हसलं. वकिलांनी टेबलावरचा लाल फडक्यात बांधलेला कागदांचा बस्ता उचलला आणि माझ्यापुढे धरला. "दाखवा बरं, कसं करतात ते." मी तो घेतला. घेताना माझा डावा तळवा आपोआप एका टोकाखाली गेला, मानेखाली जातो तसा. कोणाच्या लक्षात आलं की नाही, माहीत नाही.

"करा उलटं."

"नाही करणार."

"का? यात काय जीव आहे?"

"जीव नाही म्हणूनच. मी करून दाखवलं की तुम्ही म्हणाल, बघा, कशी सराईत आहे."

न्यायाधीश म्हणाले, पुरे, पुढचा प्रश्न विचारा. वकील माझ्या अगदी जवळ आले.

"त्या सकाळी तुम्ही आईला काय सांगितलं?"

"वारा आहे, आज पाणी नको."

"वारा होता का?"

"नव्हता."

"म्हणजे टाळू फुगलेली दिसली असं तुम्ही आज सांगता, पण त्या दिवशी आईला सांगितलं नाही, सासूला सांगितलं नाही. खोटं सांगून तुम्ही पळून गेलात."

मी म्हणाले, "हो." जबानीवर सही करताना माझं नाव वेडंवाकडं आलं. वाचून दाखवलं त्यातला एक शब्दही माझ्या कानात शिरला नाही.

त्याच दिवशी डॉक्टरांची साक्ष झाली, ती मी मागच्या बाकावरून ऐकली. उलटं टांगून हिसका दिल्यानं असं होऊ शकतं का? होऊ शकतं. पाळण्यातून पडून? कठीण वाटतं, पण नाही असं म्हणवत नाही. रागाच्या भरात नुसतं धरून हलवल्यानं? डॉक्टर म्हणाले, तसं मी कुठं वाचलेलं नाही. त्यांचा मला राग आला नाही. टाळूखाली काय आहे मला माहीत नाही असं मायही म्हणाली होती. फरक एवढाच की माय त्यापुढे म्हणाली होती, म्हणून धक्का लागू देत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मायची हाक झाली. डबा माझ्याकडे देऊन ती आत गेली. देवाची शपथ घेणार नाही म्हणाली, खरं सांगेन हे माझं वचन धरा म्हणाली. न्यायाधीशांनी तशी प्रतिज्ञा दिली.

वकिलांनी विचारलं, "तुमचं या घराशी वैर आहे ना? पुढच्या दारावरून?"

"दारावरून भांडण हाय. आजबी हाय."

"म्हणून त्यांच्या मुलाविरुद्ध बोलता."

"वैर असतं तं त्या दिवशी गेलीच नसती ना साहेब. पळत गेली मी. ह्या वयात."

"बरं. तुम्हाला टाळूचं कळतं म्हणता. शिक्षण किती झालं तुमचं?"

"तुमी जन्मले तवा तुमाले पहिला हात कोणी लावला साहेब? तिले इचारा तिचं शिक्षण."

शिपायानं तोंडावर हात धरला. वकीलही हसले, पण त्यांचा पुढचा प्रश्न तयार होता. बाळाला न्हाऊ घातलं होतं की नाही? सासूबाई सांगून गेल्या होत्या की रोजच्यासारखं न्हाऊ घातलं. माय म्हणाली, "मोरी कोरडी होती. पाणी हंड्यात तसंच. लेकराच्या अंगाले तेलाचा वास नाई, कालची तीट गालावर तशीच. अन् त्याची माय बोलली, पहाटे चारपासून प्याला नाई. ही पोरगी आठले गेली. मंग चार वाजता लेकराले काय झालतं, ते हिले काहून इचारता? घरात होते त्याहीले इचारा."

मग वकिलांनी माझ्या साक्षीतला तो धागा ओढला. "मग हिनं 'वारा आहे' असं खोटं का सांगितलं?"

माय म्हणू शकली असती की पोरगी भित्री आहे, अडाणी आहे. ते खरंच होतं.

"ते तिचं खोटं नाई. ते माहं हाय," ती म्हणाली. "बाळंतिणीपुढे बोलायचं नाई हे म्या शिकवलं तिले. मले माह्या सासूनं शिकवलं. भल्याची रीत वाटली, चालवली. त्या दिवशी ती रीत लेकराच्या आड आली. अर्धा-पाऊण तास गेला त्याच्यात. तवा चूक माही. लिहा, माही म्हणून लिहा. अन् तो अर्धा तास माहा असन, तं दुपारच्या मोटारीपर्यंतचा टाइम कोणाचा, तेबी लिहा."

न्यायाधीश इंग्रजीत सांगायचे आणि टंकलेखक टिपायचा. त्या वाक्यापाशी ते थांबले, तिच्याकडे बघितलं, आणि मग सांगितलं.

साक्ष संपल्यावर कारकून शाईचा पॅड घेऊन पुढे झाला. मायनं अंगठा पदराखाली घेतला. "वाचून दाखवा."

"सगळं?"

"पुरं. सावकाश."

तो इंग्रजीतलं मराठीत करून सांगत गेला. एका ठिकाणी म्हणाला, "मूल आजारी दिसलं."

"आजारी नाई म्हटलं म्या. टाळू वर आलती, ताठ होती म्हटलं. आजारी तं पडशानंबी असते."

कारकुनानं न्यायाधीशांकडे बघितलं. त्यांनी कागद मागवून घेतला, स्वतःच्या हातानं दुरुस्ती केली. ती परत वाचून घेतल्यावर मायनं अंगठा दिला. मी चौथीपर्यंत गेलेली, काल न ऐकता सही करून आले होते.

निकालाला आम्ही गेलो. दवाखान्याच्या पहिल्या दिवसाच्या कागदावर आईनंच सांगितल्याचं लिहिलेलं होतं की पहाटेपासून दूध प्यायला नाही. त्यावरून आणि मायच्या जबानीवरून न्यायाधीशांनी ठरवलं की इजा मी पोचायच्या आधीची आहे, माझ्याकडे बोट दाखवायला आधार नाही. हे एका परिच्छेदात आलं. पुढच्यात आलं की घरातल्या कोणाच्या हातून आणि कशी झाली हे शाबीत होत नाही, म्हणून आरोपीला संशयाचा फायदा.

तो सुटला. मला त्याचं फार दिवस खुपलं. आजही खुपतं. एका लेकराच्या डोक्यात रक्त साकळलं आणि त्याचं कारण म्हणून लिहायला कोर्टाकडे शब्दच नव्हता. उलटं टांगणं त्यांना माहीत होतं, पडणं माहीत होतं. चिडलेले दोन हात माहीत नव्हते. ते कुठल्या घराला माहीत नाहीत? पण ते बोलायचं नाही, ही रीत बाळंतिणीच्या खोलीपुरती नव्हती, हे मला तिथं कळलं. मी तेव्हाही त्याचं नाव घेतलं नाही आणि आजही घेत नाही, कारण मी बघितलं नाही. पण संशयाचा फायदा सगळ्यांना मिळाला, आणि ज्याला बोलता येत नव्हतं त्याला काय मिळालं, हे विचारायला मी कोणाची परवानगी मागत नाही.

जिन्यापाशी सून उभी होती, सासूपासून चार पावलं लांब. तिनं माझं मनगट धरलं, तेच, उलथण्याचं. हळू आवाजात म्हणाली, "त्या दिवशी वारा नव्हता ना?"

"नव्हता, बाई," मी म्हणाले.

तिनं मान हलवली आणि भावाच्या मागं चालायला लागली. सासूनं हाक मारली. ती वळली नाही. ती राळेगावलाच राहिली असं पुढे ऐकलं.

त्यानंतर मी ती रीत टाकली. मायनंही. आता टाळू वर आलेली दिसली तर मी आईच्या तोंडावर सांगते. लेकराच्या दंडावर बोटांचे वळ दिसले तर, "हे कोणाचे?" असं सगळ्या घरासमोर विचारते. दोन घरांनी मला त्यावरून काढून टाकलं. एका सासऱ्यानं, "न्हाऊ घालाले आली का पंचनामा कराले?" असं विचारलं. मी म्हणाले, "दोन्ही." आणि घरी येईपर्यंत मागं वळून बघत राहिले.

आता पूल झाले. नवऱ्याचं काम वणीच्या अंगाला गेलं, मी त्याच्यामागं आले, म्हणजे घरापासून आणखी लांब. निघताना मायला भेटायला गेले. तिला आता दिसत नाही म्हटलं तरी चालेल. लुगडं नेलं होतं, ते तिनं परत माझ्या पिशवीत कोंबलं.

"हे कायले? तुले लिहता येते ना? माह्या हाताचं लिहून ठेव. कोणत्या लेकराले कसं धराचं, कवा पाणी नको, कवा दवाखाना. अन् कवा बोंब मारायची. मेल्यावर माहे हात का कोणाच्या कामाचे?"

माय, मी वही घेतली आहे. माझं अक्षर वाईट आहे आणि जोडाक्षरं चुकतात. चार पानं झाली, त्यातली दोन फाडली. मान कशी धरायची एवढंच लिहायला मला एक महिना लागला, कारण हाताला येतं ते कागदावर येत नाही. पण मी सोडणार नाही. एक दिवस ही वही भरेल. तेव्हा मी आर्णीला येईन, तुझ्या पुढच्या दारानं, आणि पहिल्या पानापासून तुला वाचून दाखवीन. पुरं, सावकाश. तू म्हणशील तिथं खोडीन, तू म्हणशील ते लिहीन. तुझी खात्री पटल्याशिवाय अंगठा मागणार नाही.